चिकाची वेळ

२०२० च्या अखेरीला आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्याला ७० लाख रुपयांची मागणी आली आणि मालकाने तो दिला नाही, ही बातमी देशभर गाजली. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाचं नाव लावणारी ही जात आधीपासूनच नावाजलेली. उंच पाय, बाकदार नाक, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके आणि भराभर वाढणारं वजन. बातमीनंतर तिची भुरळ धनगरवाड्यांच्या बाहेरही पडली. फौजेतून पेन्शनवर आलेले साताऱ्याकडचे जवान, सोन्या-चांदीच्या गलाईचा धंदा मुलाच्या हाती देऊन विटा-खानापूरला परतलेले लोक, पुण्यातली नोकरी सुटलेली पोरं. मेंढ्या पाळायचं मनावर घेतलेली अशी माणसं आता सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत भेटतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. जात कोणती घ्यावी? शेड किती बाय किती? मेंढ्याला दर काय मिळतो?

कोकरू जन्मल्यावर काय करायचं, हे सहसा कोणी विचारत नाही. ते मेंढी बघून घेईल, असं सगळे धरून चालतात. बहुतेक वेळा मेंढी बघूनही घेते. पण जेव्हा ती बघत नाही, तेव्हा माणसाच्या हाती फार थोडे तास असतात. दूध तुटायच्या आत मरणाऱ्या कोकरांतली मोठी संख्या पहिल्या तीनच दिवसांत जाते, आणि त्यामागे साथीच्या रोगांपेक्षा भूक, गारठा आणि अडलेलं वेत हीच कारणं जास्त असतात. ऑस्ट्रेलियातल्या हजारो एकरांच्या कुरणांवर हे जेवढं खरं, तेवढंच माणच्या माळावरही.

मेंढी साधारण १४७ ते १५० दिवस गाभण राहते. आपल्याकडे पहिल्या पावसाने माळावर हिरवं दिसू लागलं की मेंढ्या माजावर येतात. जून-जुलैत लागलेल्या मेंढ्या नोव्हेंबर-डिसेंबरात व्यायला बसतात. निसर्गाचा हिशेब तसा चोख आहे. पावसाळाभर चरून मेंढी अंगाने भरलेली असते, शिवारात काढणीनंतरचा पाला असतो, त्यामुळे कासेत दूध उतरतं. अडचण रात्रींची. माण, खटाव, आटपाडी, जत हा सगळा पर्जन्यछायेचा उघडा मुलूख. दिवसा ऊन चटकतं आणि पहाटे हात कापतात. उसाच्या पट्ट्यात तर वर दव पडतं. त्यातच अवकाळी पाऊस आला की काय होतं, ते डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांनी पाहिलं. पाऊस आणि गारठ्याने उघड्यावर बसलेली हजारो मेंढरं गेली, आणि ती सगळी काही कोकरं नव्हती. मोठ्या लोकरवाल्या जनावराची ही गत, तर तासाभराच्या ओल्या कोकराचं काय होत असेल, याचा अंदाज यावा.

पोटात असताना कोकराला ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब असते. बाहेर पडतं ते निथळत. अंगावरचं पाणी वाळताना उष्णता ओढून घेतं, आणि अडीच-तीन किलोच्या जिवाला वजनाच्या मानाने कातडी फार असते, म्हणून तो झपाट्याने निवतो. यावर एक तोड कोकरू जन्मतःच घेऊन येतं. त्याच्या मूत्रपिंडांभोवती एका खास जातीची तपकिरी चरबी असते. ही चरबी अंग न थरथरता थेट उष्णता निर्माण करते. मात्र ती काही तासच पुरते. ती संपायच्या आत पोटात चीक गेला तर कोकरू स्वतःची भट्टी पेटती ठेवतं. नाही गेला तर ऊन आलं तरी निवत जातं. म्हणूनच जन्मल्याबरोबर गारठलेलं कोकरू आणि सहा-आठ तासांनी गारठलेलं कोकरू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं ओलं आणि वाऱ्यात आहे, दुसरं उपाशी आहे. उपायही वेगळे, ते पुढे सांगतो.

व्यायच्या वेळी नवख्याने सगळ्यांत आधी हात आवरावा. पानमोट फुटल्यावर दोन पुढचे पाय आणि त्यांच्यावर टेकलेलं नाक दिसलं, की सगळं सरळ चाललंय. पानमोट फुटून तास झाला, मेंढी कळा देतेय आणि पुढे काही सरकत नाही. किंवा डोकं आहे पण पाय नाहीत, पाय आहेत पण डोकं नाही, नुसती शेपटी दिसतेय. अशा वेळी जाणत्या माणसाला किंवा डॉक्टरला बोलवावं. ओढाताण करून मेंढी आणि कोकरू दोन्ही गमावलेले लोक कमी नाहीत. कोकरू बाहेर आलं की नाकातोंडावरचा चिकटा बोटाने काढायचा. श्वास घेत नसेल तर नाकात गवताची काडी फिरवायची, गोणपाटाने छाती चोळायची. बाकी अंग चाटायचं काम मेंढीचं आहे, ते तिच्याकडून काढून घेऊ नये.

याचं कारण मेंढीच्या नाकात आहे. वेताच्या कळांनी तिच्या मेंदूत जे रासायनिक बदल होतात, त्यांच्यामुळे एरवी नकोसा वाटणारा गर्भजलाचा वास तिला एकदम ओढून घेतो. ती चाटते, हुंगते, घशातल्या घशात हळू आवाज काढते, आणि तास-दोन तासांत आपल्या कोकराचा वास पक्का ओळखू लागते. त्यानंतर दुसरं कोकरू कासेला आलं तर ती ढुशी देते. ही ओळख पटायची खिडकी लहान असते. हौसेने कोकरू उचलून घरात नेलं, साबणाने पुसलं, पोरांनी हाताळलं, की ती बंद होते. पहिलारू मेंढीच्या बाबतीत हे विशेष. तिला काय झालंय हेच नीट उमगलेलं नसतं. ती कोकराभोवती गोल फिरते, कोकरू कासेकडे गेलं की वळते. तिला चार-पाच फुटांच्या कप्प्यात कोकरासह एक-दोन दिवस कोंडावं, जुळी असतील तर आणखी एखादा दिवस. ती चाटत नसेल तर कोकराच्या अंगावर थोडं मीठ किंवा कोंडा भुरभुरावा. पोरकं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं असेल तर ती व्यायलेल्या क्षणीच, तिच्याच गर्भजलात ते माखून तिच्यासमोर ठेवावं. जगभरचे मेंढपाळ आणखी एक युक्ती करतात: त्या मेंढीच्या स्वतःच्या मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्याच्या अंगावर चढवतात, म्हणजे मेंढीला आपलंच वाटतं. ऐकायला विचित्र, पण चालते.

आता चीक. माणसाच्या बाळाला आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यं वारेतून पोटातच मिळतात. मेंढी, गाय, शेळी यांच्या वारेची रचना अशी, की ही द्रव्यं पलीकडे जातच नाहीत. कोकरू या बाबतीत रिकाम्या हाताने जन्मतं. त्याची सगळी शिदोरी चिकात असते, आणि ती द्रव्यं आतड्यातून अखंड रक्तात घ्यायची सोय निसर्गाने फक्त पहिल्या दिवसापुरती ठेवली आहे. पहिल्या सहा तासांत आतडं ती सहज घेतं, बारा तासांनी बरीच कमी, चोवीस तासांनी दार जवळजवळ बंद. दुसऱ्या दिवशी पाजलेला चीक पोटाला चांगला, पण रोगापासून राखायला त्याचा फारसा उपयोग उरत नाही.

म्हणून आपल्याकडची एक समजूत मला घातक वाटते: वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही. गायी-म्हशींच्या गोठ्यात ती अजून घट्ट आहे, मेंढ्यांतही अधूनमधून दिसते. वार पडायला काही तास लागतात, म्हणजे नेमके तेच तास वाया जातात. खरं तर कोकरू सड ओढू लागलं की मेंढीच्या शरीरात जे संप्रेरक सुटतं, ते पान्हाही सोडतं आणि गर्भाशयही आकसवतं. वार पडायला त्याची मदतच होते. वार बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरला दाखवावं. हाताने ओढू नये, दगड तर मुळीच बांधू नये.

किती पाजायचा? एका वेळी वजनाच्या दर किलोला ५० मिलीलिटर, हे ध्यानात ठेवायला सोपं माप. तीन किलोचं कोकरू म्हणजे दीडशे मिली, पहिल्या दोन तासांत साधलं तर उत्तम. मग दिवसभरात असं आणखी तीनेक वेळा, थंडी जास्त असेल तर थोडं वाढवून. मेंढी पाजत असेल तर मोजमापाची गरज नाही, पण ती पाजतेय याची खात्री हवी. सडाच्या तोंडाशी मेणासारखा बूच असतो. दोन्ही सडांतून एकेक धार काढून तो मोकळा करावा. कास कडक, गरम, एका बाजूने सुजलेली असेल तर ती दगडी, म्हणजे काससुजी. त्या मेंढीचं कोकरू कासेला लागलेलं दिसलं तरी उपाशीच असतं. कासेभोवतीची लोकर लांब असेल तर कोकरू लोकरीचा झुपकाच चोखत बसतं. दख्खनी मेंढ्यांत हा प्रकार पाहायला मिळतो, म्हणून व्यायच्या आधीच कासेजवळची लोकर कातरून घ्यावी.

पोट भरल्याची खूण जाणते धनगर लांबून ओळखतात. झोपलेल्या कोकराला हलकेच उठवा. उठून आळोखेपिळोखे देत अंग ताणलं तर पोट भरलंय. पाठीला पोक काढून, चारही पाय जवळ घेऊन, मान खाली घालून उभं राहिलं आणि बगला खपाटीला गेलेल्या असल्या तर काहीतरी बिनसलंय. शंका आली तर त्याच्या तोंडात बोट घाला. तोंड आतून गार लागलं की ताबडतोब हालचाल करायची. एवढी एकच परीक्षा नवख्याने शिकली तरी दोन-चार कोकरं वाचतील.

मेंढीला चीकच नसेल तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या मेंढीचा, नाहीतर शेळीचा, तोही नसेल तर गायीचा चीक चालतो. शहाणा पाळणारा एखाद्या भरपूर दुधाच्या मेंढीचा जादा चीक काढून, लहान वाट्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवतो. वापरताना तो कोमट पाण्यात वाटी ठेवून वितळवायचा. चुलीवर उकळला तर त्याचा खरवस होतो. खायला छान, पण ज्या प्रथिनांसाठी तो ठेवला ती गेली. पुढचे दिवस बाटलीवर काढायचे असतील तर एक लक्षात असू द्यावं, की मेंढीच्या दुधात चरबी सहा-सात टक्के असते आणि गायीच्या दुधात चारच्या आसपास. गायीचं दूध, तेही पाणी घातलेलं, पाजून कोकरू किडकिडीत राहतं. शेळीचं किंवा म्हशीचं बरं. अंगाइतकं कोमट, थोडं थोडं आणि पुष्कळदा. कोकरू उभं असताना, मान फार वर न करता.

नाळ कमी शब्दांत. दोन-तीन इंच ठेवून बाकीची तुटू द्यावी किंवा स्वच्छ कात्रीने कापावी, आणि उरलेलं टोक टिंक्चर आयोडीनच्या लहान बाटलीत पूर्ण बुडवावं. कापसाने वरवर लावणं पुरत नाही. संध्याकाळी परत एकदा. राख, शेण, हळद यांपैकी काहीही लावू नये. शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. नाळेतून आत गेलेला संसर्ग पंधरवड्याने गुडघे सुजवून दाखवतो, आणि तोवर त्याचं मूळ कोणाच्या लक्षातही राहत नाही.

आता गारठलेलं कोकरू. थर्मामीटर गुदद्वारात धरून पाहावं. ३९ ते ४० अंश म्हणजे ठीक. ३७ ते ३९ च्या मध्ये असेल तर कोरडं करायचं, आडोशाला घ्यायचं, चीक पाजायचा, तासाभराने परत पाहायचं. ३७ च्या खाली असेल तर खरी कसोटी. नुकतंच जन्मलेलं असेल तर पुसून खरखरीत कापडाने चोळायचं आणि खोक्यात गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून त्यांच्यात ठेवायचं. पण पाच-सहा तासांचं होऊन गेलेलं असेल तर ते उपाशी आहे आणि रक्तातली साखर तळाला गेलेली आहे. त्याला नुसती ऊब दिली तर शरीर जागं होतं, उरलीसुरली साखर खर्चतं, आणि झटके येऊन कोकरू जातं. शेकोटीजवळ ठेवलं, जरा हललं आणि मग मेलं, असं जे लोक सांगतात त्यामागे बहुधा हेच असतं. अशा कोकराला आधी ग्लुकोज, मग ऊब, मग दूध. ग्लुकोज पोटात टोचून द्यावं लागतं आणि ते डॉक्टरचं काम आहे. जे मान धरू शकत नाही, चोखू शकत नाही, त्याच्या तोंडात दूध ओतू नये. ते फुफ्फुसात जातं.

जुळ्यांचा विषय फलटणशिवाय पुरा होत नाही. दख्खनी मेंढी साधारणपणे वेताला एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या ‘नारी’ने, १९९० नंतर पश्चिम बंगालच्या सुंदरबनातली गारोळ ही बुटकी मेंढी आणून दख्खनीशी संकर केला. गारोळमध्ये एकाच वेळी एकाहून अधिक बीजं सोडणारं एक जनुक आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालहून जहाजाने ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांमधून तेच तिथल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांत उतरलं असं मानतात, आणि २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नेमकी जागा शोधली. संस्थेने हे जनुक दख्खनीच्या अंगात बसवून ‘नारी सुवर्णा’ ही जात उभी केली. जनुकाची एक प्रत असली तरी जुळ्यांची शक्यता चांगलीच वाढते.

जाहिरातीला हे फार सोपं वाक्य आहे: एका मेंढीत दोन कोकरं. पण जुळी प्रत्येकी लहान जन्मतात, त्यांच्याजवळ तपकिरी चरबी कमी असते, चीक वाटून घ्यावा लागतो, आणि दुसरं बाहेर येईपर्यंत पहिलं थोडं बाजूला पडतं. मेंढीला जादा खुराक नसेल तर जुळ्यांतलं धाकटं हटकून मागे पडतं. पोटातल्या कोकराची निम्म्याहून जास्त वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. त्या दिवसांत रोज पाव किलोच्या आसपास भरडा आणि वर हिरवा पाला मिळाला तर वजनदार कोकरू आणि भरलेली कास दोन्ही हाती लागतात. जुळ्यांचं जनुक विकत घेता येतं, पण हा खुराक रोज घरचा घालावा लागतो. नारीच्या मेंढ्या घेणाऱ्यांनी चिकाची वाटी फ्रीजरमध्ये आधी ठेवावी, असं मी म्हणेन.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर दिवाळीनंतर फलटण, माण, खटावकडून कोकणात किंवा पुण्याकडे उतरणारा मेंढपाळांचा एखादा वाडा बघावा. बापे मेंढरं घेऊन चरायला जातात आणि तान्ही कोकरं बायकांच्या ताब्यात तळावर राहतात. पहिले काही दिवस कोकरू माळावर नेत नाहीत. सकाळी मेंढ्या सुटायच्या आधी आणि संध्याकाळी परतल्यावर प्रत्येक कोकरू आपापल्या आईखाली लावलं जातं. शंभर कोकरांच्या गलक्यात कोणतं कोणाचं हे त्या बाईला विचारावं लागत नाही. कोण आज पिऊन राहिलं, कोणाची आई ढुश्या देते, हे तिच्या डोक्यात असतं. तळ हलला की वाटेत जन्मलेली कोकरं घोड्यावर बिऱ्हाडाबरोबर जातात. रात्री वाघरीच्या जाळ्याच्या आत, लांडग्यापासून आणि वाऱ्यापासून राखून. शासनाच्या मेंढीपालनाच्या कागदांत या बाईचं काम ‘देखभाल’ या एका शब्दात संपतं.

शेडमधल्या नवख्याकडे ही नजर नसते, त्याऐवजी भिंती असतात, आणि भिंतींचे स्वतःचे त्रास असतात. थंडी नको म्हणून चारही बाजूंनी ताडपत्री ओढली की मुताचा वायू आत कोंडतो आणि कोकरं खोकायला लागतात. माणसाने शेडमध्ये गुडघ्यावर बसून कोकराच्या नाकाच्या उंचीवर दोन मिनिटं श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर वरच्या बाजूने हवा जायला वाट ठेवावी. खाली उसाचं पाचट किंवा भुईमुगाची टरफलं अंथरावीत आणि ओली झाली की बदलावीत. ओल्या शेडमध्ये तिसऱ्या आठवड्यापासून रक्ती हगवण धरते, आणि माळावर रोज जागा बदलणाऱ्या वाड्याला तिचा तितका त्रास नसतो. पहिल्या दिवसांतली पिवळी चिकट लेंडी शेपटीखाली वाळून गुदद्वार बंद करते; रोज शेपटी उचलून बघावं, कोमट पाण्याने सोडवावं.

तिसऱ्या आठवड्यात कोकरू पाला चघळू लागतं. शेवरी, हादगा, लसूणघास हाताच्या उंचीला बांधून ठेवावा, आणि मोठ्यांना शिरता येणार नाही अशा कप्प्यात मूठभर भरडा. दोन-अडीच महिन्यांत दूध तोडता येतं. लसींमध्ये आंत्रविषाराची लस मेंढीला व्यायच्या महिनाभर आधी दिली, की तिचं संरक्षण चिकातून कोकराला मिळतं. अर्थात चीक वेळेवर प्यालेल्यालाच. पुढे तीन महिन्यांच्या सुमारास कोकराची स्वतःची लस, आणि पीपीआरची लस डॉक्टरच्या सल्ल्याने.

राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेतून भटक्या जमाती-क प्रवर्गातल्या कुटुंबांना २० मेंढ्या आणि १ मेंढा ७५ टक्के अनुदानावर मिळतात. वीस मेंढ्या एकाच मेंढ्याने पावसाळ्याच्या तोंडाला भरवल्या, की त्या दोन-तीन आठवड्यांतच एकामागून एक व्यायला येतात. नवख्याने तेवढे आठवडे लग्नकार्याला जाऊ नये. त्याआधी कवठेमहांकाळ तालुक्यातलं रांजणी किंवा माणमधलं दहिवडी, इथल्या मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या प्रक्षेत्रांवर व्यायच्या हंगामात चक्कर मारावी. अडलं तर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक. शेडच्या खुंटीला एक वही टांगावी: मेंढीचा बिल्ला, व्याल्याची वेळ, कोकराचं वजन, चीक कधी प्याला. ज्या मेंढीने दोन वेतांत कोकरू टाकलं, तिच्या नावापुढे फुली मारून ती पुढच्या बाजारात काढावी.